फाट्यावरचा खांब

“वैनी, तुमाला घ्यायला आमची ना नाय,” टायरमधून उपसलेला खिळा बोटांत फिरवीत दिगंबर बने म्हणाला, “पन मंडळाचा नियम हाय. नव्या माणसाला जोडीदार लागतो. पयल्या फेरीला त्यानं संगती गाडी चालवायची आनि काय झालं तर उत्तर द्यायचं. तुमचा जोडीदार कोन?”

“बाबा,” ऋजुता म्हणाली.

मी मान वळवून पाहिले. तिचे वडील सांगलीस असत आणि त्यांना सायकलही येत नव्हती. मग ध्यानात आले, की तिचे बोट माझ्याकडे आहे.

हवा भरायला आलेला एक रिक्षावाला मोठ्याने हसला. बने हसला नाही; त्याने फक्त माझ्या पायांकडे पाहिले.

“सर, सड्यावर धोतरानं गाडी मारनार?”

“पायजमा आहे माझ्याकडे,” मी म्हणालो.

असा मी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, काहीही न ठरविता, देवरुखच्या सडावाट मंडळाचा अर्धा सभासद झालो. आज त्या गोष्टीला पुष्कळ वर्षे लोटली.

त्या वेळी मी विद्यालयात संस्कृत शिकवीत असे. तरुणपणी वाड्यावाड्यांतून पौरोहित्यासाठी हिंडताना घेतलेली राजदूत मोटारसायकल अजून माझ्यापाशी होती. माझा मुलगा निरंजन त्याच गाडीवर शिकला आणि पुढे दातेरी टायरांची स्वतःची गाडी घेऊन बनेच्या मंडळाबरोबर रविवारी सडे, पाणंदी, ओढे पालथे घालू लागला. आदल्या वर्षीच्या मार्गशीर्षात, वाघजाईच्या सड्यावरून, तो परत आला नाही. त्याची आई त्यापूर्वीच निवर्तली होती. तिला ते पाहावे लागले नाही, एवढीच देवाची दया.

घरात सून आणि मी असे दोघे उरलो. ऋजुताला न्यायला तिचे आईवडील सांगलीहून मोटार घेऊन आले, तेव्हा तिने त्यांना जेवू घातले, बरोबर कोकम दिले आणि मोटार रिकामी परत पाठविली. ती एका खाजगी दवाखान्यात रक्ततपासणीचे काम करीत असे. सकाळी जाई, संध्याकाळी येई, फारसे बोलत नसे. निरंजनची चेपलेली गाडी परसात फणसाखाली गोणपाटाने झाकून ठेवली होती. तिच्याकडे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. एके सकाळी मी देवघरात असताना अंगणात तोच आवाज झाला. त्या वर्षभरात स्वप्नाबाहेर कधी ऐकला नव्हता, असा. मी हातातली पळी तशीच घेऊन बाहेर आलो. गाडी दुरुस्त होऊन आली होती आणि तिच्यावर ऋजुता बसली होती.

तिला नीट चालविता येऊ लागली, त्यानंतरच्या आठवड्यात ती मला बनेच्या दुकानात घेऊन गेली.

“मला का पुढे केलेस?” परतताना मी विचारले.

“दुसरं कोण येणार होतं?”

“पण जायचेच कशाला? त्या सड्यावर आता काय राहिले आहे आपले?”

ती काही पावले चालली. “एक नाव राहिलंय, बाबा.”

कोणाचे नाव, हे मला विचारावे लागले नाही.

सड्यावर वाट अशी नसते. जांभ्या दगडाचे उघडे मैदान. त्यावर चाकाचा ठसा उमटत नाही, आणि मार्गशीर्षात दरीतून धुके चढले की दहा हातांवरचे दिसत नाही. म्हणून मंडळाने आपली एक रीत बसविली होती. सर्वांत पुढे बने. जिथे वळायचे असेल त्या फाट्यावर त्याच्या पाठचा स्वार थांबून उभा राही. त्याला खांब म्हणत. मागून येणारा प्रत्येक जण त्याला हात करी, खांबही हात वर करून वाट दाखवी. सर्वांत शेवटी येणाऱ्याला शेपूट म्हणत. शेपूट दिसल्यावाचून खांबाने जागा सोडायची नाही. दिसले, की त्याच्यापुढे निघायचे. त्या नियमाला जोडलेला दुसरा नियम असा, की जिथे खांब नाही तिथे वळण नाही, सरळ जायचे.

त्या दिवशी शेपूट निरंजन होता. वाघजाईच्या फाट्यावर तो पोचला, तेव्हा खांब निघून गेला होता. फाट्यावर कोणी नाही, म्हणून तो नियमाने सरळ गेला. उजवी वाट खालच्या गावाला, तळसुऱ्याला, उतरते. सरळ गेले, की कडा आहे.

सरकारी कागदांत धुके एवढेच कारण लिहिले गेले. तेराव्याला बने आला, उंबरठ्यावर डोके टेकून म्हणाला, “सर, खांब हलला. चूक मंडळाची. मला काय बोलायचं ते बोला, पन त्याचं नाव इचारू नका. त्याला लेकरं हायत.” मी विचारले नाही. ऋजुता आतल्या दाराशी उभी होती. तिने ते ऐकले.

“मंडळात शिरलीस म्हणून कोण नाव सांगणार आहे?” बनेच्या दुकानातून परतताना मी म्हणालो.

“सांगायला कशाला हवं? मी त्या फाट्यावर खांब म्हणून उभी राहीन. एकेकाला माझ्यासमोरून हात करून जावं लागेल. ज्याला माझ्याकडे बघता येणार नाही, तो तोच.”

“आणि कळल्यावर?”

“कळल्यावर ठरवीन.”

याहून ती काही बोलली असती, ओरडली असती, शाप दिला असता, तर मला बरे वाटले असते.

फेरीच्या सकाळी सूर्याला अर्घ्य देऊन मी पायजमा चढविला आणि आम्ही दोघे दोन गाड्यांवर बनेच्या दुकानासमोर गेलो. दहा-बारा जण जमले होते. मला पाहून एक जण म्हणाला, “सर, पडलात तर संस्कृतात वरडा, म्हंजे कोन पडलं ते लगेच कळंल!” सगळे हसले, आणि ऋजुताने हेल्मेट काढताच एकदम गप्प झाले. त्यांतल्या बहुतेकांनी निरंजनला खांदा दिला होता.

गटाच्या कडेला रमाकांत शिगवण आपल्या गाडीची साखळी तपासत होता. बाजारपेठेत त्याचा फोटो स्टुडिओ होता. निरंजनच्या लग्नाची छायाचित्रे त्यानेच काढली होती, “वैनी, जरा हसा, फुकट हाय!” असे म्हणून त्याने सबंध मांडव हसविला होता. मी त्याला नमस्कार केला. त्याचे हात ग्रीसने माखले होते. ते दाखवून त्याने नुसती मान हलविली.

“दादा, आज शेपूट मी ऱ्हातो,” तो बनेला म्हणाला.

बनेने त्याच्याकडे जरा वेळ पाहिले. “तू?”

“व्हय.”

“बरं. ऱ्हा.”

सड्यावर पोचलो तो सूर्य असून नसल्यासारखा झाला. धुके दरीतून चढत होते आणि गाड्यांचे दिवे त्यात विरघळत होते. ऋजुता हट्टाने बनेच्या पाठोपाठ होती, तिच्या मागे मी. जांभ्यावर राजदूत अशी उसळे, की माझे सारे लक्ष दातांत जीभ सापडू नये याकडे होते. मध्येच बने थांबला.

“वैनी, हितं नको. फुडल्या फाट्याला हुबं ऱ्हावा.”

“हाच ना तो?”

बनेने हातमोज्याने दिव्यावरचे दंव पुसले.

“मग इथेच,” ती म्हणाली आणि गाडी स्टँडवर लावून उतरली.

जोडीदार म्हणून मी तिच्याजवळ थांबलो. फाटा म्हणण्यासारखे तिथे काही नव्हते. उजवीकडे काळसर दगडांची एक रांग, समोर सपाट मैदान, आणि त्यापुढे पांढरे काहीच नाही. त्या पांढऱ्याकडे पाठ करून ऋजुता उभी राहिली. तिने हेल्मेट काढले होते.

ते एकेक करून आले. धुक्यातून आधी आवाज, मग पिवळा डाग, मग माणूस. प्रत्येकाने हात वर केला आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत ती पाहत राहिली. एकाचे डोळे भरून आले. एकाने हात करता करता तो छातीशी नेला. विनोद करणारा तो तरुण “वैनी” एवढेच म्हणून उजवीकडे वळला. पाहणे कोणीही टाळले नाही. शेवटची गाडी उतरणीला लागली, तिचा आवाज दरीत बुडाला, आणि सडा निःशब्द झाला.

आम्ही उभे राहिलो.

“शेपूट कोण होतं, बाबा?” फार वेळाने तिने विचारले.

“शिगवण.”

तिने मागच्या वाटेकडे पाहिले. काही आवाज नव्हता. तिचा चेहरा मी पाहत होतो. काहीतरी जागच्या जागी बसावे तसा तो हळूहळू स्थिर होत गेला. माझ्याही मनात ते नाव त्याच वेळी येऊन बसले.

“तुम्ही बघून या,” ती म्हणाली. “मी खांब आहे. मला हलता येत नाही.”

तिला तिथे एकटी सोडून जाणे मला जड गेले. समोर तो कडा होता, आणि तिच्या हाती ते नाव आले होते. पण ती आज्ञेसारखे बोलली होती. मी आल्या वाटेने पायी निघालो.

फार जावे लागले नाही. एका कोरड्या डबक्याच्या कडेला गाडी उभी होती, इंजिन बंद. शेजारी दगडावर शिगवण बसला होता. मला पाहून तो उठला आणि पुन्हा बसला.

“गाडी बिघडली का?” मी विचारले. दुसरे काही सुचले नाही.

“नाय सर. गाडी बेस हाय.”

मी त्याच्यासमोर उभा राहिलो. तो खाली पाहत बोलू लागला. कोणी विचारले म्हणून नव्हे, आत ठेवता येत नाही म्हणून.

“दूधवाला होता, सर. लांबनं दिवा आला. मी हात केला, त्यानं पन हात केला. निरंजन कसा, निम्मा हात करायचा. तसाच केला त्यानं. मला वाटलं, शेपूट आलं. मी निघालो. आनि सर, माझ्या मागं दिवा होता! तळसुऱ्यापातुर माझ्या मागं दिवा होता. मी आरशात बघत होतो. म्हटलं, निरंजन हाय मागं. खाली जाऊन बघतो तर दुधाच्या किटल्या.”

धुके आमच्या दोघांमधून सरकत होते.

“वर्षभर ह्या फाट्याची फेरी आली, की मी काय ना काय सबब सांगायचो. आज म्हटलं, वैनी येनार, तर जायाचंच. शेवटी जाऊ, कोन बघनार नाय. पन हितवर आलो आनि पाय उचलंना.” त्याने प्रथमच वर पाहिले. “सर, माझं येक काम करा. तुमी म्होरं जावा आनि वैनींना सांगा, शेपूट गेलं. धुक्यात दिसलं नाय म्हनावं. त्यांना घेऊन उतरा खाली. मी येतो मागनं.”

“मागून कसा येशील?”

“फाट्यावर खांब नसला तर सरळ जायाचं,” तो म्हणाला. “नाय का सर?”

तो मोठ्याने बोलला नव्हता. एखादा व्यवहार सांगावा तसे सांगत होता.

मी आयुष्यभर क्षमेचे पाठ मुलांकडून घोकून घेतले होते. त्या क्षणी त्यांतले एक अक्षर आठवले नाही. आठवला तो फणसाखालचा गोणपाट. ‘शेपूट गेले.’ दोनच शब्द होते आणि मला ते उच्चारायचे होते. मी तोंड उघडलेही असेल.

तेवढ्यात फाट्याकडून हॉर्न वाजला. एकदा, मग थोडे थांबून पुन्हा. घाई नव्हती, राग नव्हता. धुक्यात चुकलेल्याला हाक मारावी तसा तो वाजत होता. निरंजनच्याच गाडीचा हॉर्न.

शिगवणने दोन्ही हातांनी कान झाकले.

“ती हलणार नाही,” मी म्हणालो. “मी काहीही जाऊन सांगितले, तरी तू दिसल्यावाचून ती हलणार नाही. आज नाही, उद्या नाही. तिचा स्वभाव मला ठाऊक आहे. ऊठ.”

तो उठला. त्याला गाडी चालू करता येईना, म्हणून ती ढकलत तो माझ्यामागून चालू लागला.

फाट्यावर पोचलो, तेव्हा ऋजुता होती तिथेच होती. तिने त्याला पाहून हात वर केला. खांबाने शेपटाला करायचा तो हात. शिगवणच्या हातांत गाडी होती. त्याला हात करता आला नाही.

“वैनी…” तो म्हणाला.

“काही सांगू नका.” तिने हात खाली घेतला. “पुढच्या रविवारी ह्या फाट्यावर तुम्ही उभं राहायचं. शेवटी मी येईन.”

“नको वैनी. दुसरं काय पन सांगा.”

“दुसरं काही नाही. चला आता. बाबा पुढे, मध्ये हे. मागे मी.”

आम्ही तसेच तळसुऱ्याला उतरलो. बनेने आम्हांला येताना पाहिले आणि सर्वांना गाड्या काढायला सांगितले.

घरी आल्यावर मी तिला समोर बसविले. “हे काय मांडले आहेस? त्याला शिक्षा करायची असेल, तर सरळ कर. मी आड येणार नाही.”

“शिक्षा नाही ही.”

“मग क्षमा?”

“तीही नाही.” ती पायांवरची लाल माती पुसत होती. “बाबा, निरंजन तिथे पोचला तेव्हा तिथे कोणी नव्हतं. वर्षभर रोज मी झोपायला डोळे मिटते आणि त्या फाट्यावर पोचते, आणि तिथे कोणी नसतं. मला एकदा शेवटून तिथे यायचंय आणि तिथे कोणीतरी उभं असलेलं बघायचंय. दुसरं कोणी असून चालणार नाही. जो नव्हता, तोच हवा.”

“आणि तो राहिला नाही तर? पुन्हा पळाला तर?”

“खांब नसेल तर सरळ जायचं. नियम आहे.”

मी तिचे मनगट धरले. सासऱ्याने सुनेचा हात धरावा, हे आमच्या घरात कधी घडले नव्हते. तिने तो सोडवून घेतला नाही.

तो आठवडा कसा गेला, ते सांगता येत नाही. मी सांगलीस फोन करायला निघालो आणि अर्ध्या वाटेवरून परतलो. मंडळाची फेरीच रद्द करावी म्हणून बनेला विनविले. तो म्हणाला, “फेरी रद्द केली तर वैनी येकल्या जातील, सर. तवा तर खांब पन नसंल.” मी स्टुडिओत गेलो. त्याचे दार बंद होते. दुसऱ्या दिवशी गेलो, तेव्हाही बंद. काचेआड एका नवरा-नवरीचे मोठे छायाचित्र लावलेले होते, धूळ बसलेले. शेजारच्या शिंप्याने सांगितले, “रमाकांतराव सोमवारपासनं आलेच नाय. बरं नाय म्हनत्यात.” शुक्रवारी मी त्याच्या घरी गेलो. त्याची बायको दारातच म्हणाली, “ते कोनाशी बोलत नाय ओ सर. माझ्याशी पन नाय.”

हे मी ऋजुताला सांगितले. तिने ऐकून घेतले आणि गाडीची साखळी पुसायला घेतली.

रविवारी शिगवण बनेच्या दुकानापाशी आला नाही. आम्ही वाट पाहिली. बनेने त्याच्या घरी माणूस पाठविला. तो परत येऊन म्हणाला, की रमाकांत गाडी घेऊन उजाडण्याआधीच गेला. कुठे, ते सांगून गेला नाही.

“वैनी,” बने म्हणाला, “आता ऐका माझं. फाट्यावर मी सोता हुबा ऱ्हातो.”

“नाही, दादा.”

“त्यो पळाला, वैनी! समजा की!”

“समजलं. तुम्ही पुढे निघा. त्या फाट्यावर कोणाला उतरवू नका.”

बनेने माझ्याकडे पाहिले. जोडीदाराची फेरी एकच असते आणि ती होऊन गेली होती. मी एवढेच म्हणालो, “मी हिच्या मागे राहतो.” तेही तिने मान्य केले नाही. शेपटामागे कोणी नसते, म्हणाली. तुम्ही माझ्या पुढे.

सड्यावर धुके मागल्या रविवारपेक्षा दाट होते. पुढल्या गाडीचा तांबडा दिवा मला अधूनमधून दिसे. मागे ऋजुताचा आवाज येई, मग येईनासा होई. ती मुद्दाम अंतर ठेवीत होती. निरंजनच्या मागे-पुढे त्या दिवशी जेवढे धुके असेल, तेवढे तिला स्वतःभोवती हवे होते. मी वाघजाई देवीचे नाव घेत होतो. कोरडे डबके गेले. मला फाटा ओळखता येईल की नाही, हेच समजेना.

आणि मग तो दिसला.

काळ्या दगडांच्या रांगेपुढे, कड्याकडे पाठ करून, शिगवण उभा होता. हेल्मेट नव्हते. केसांवर, मिशीवर दंव साचून तो पांढरा झाला होता; अंधारातच येऊन उभा राहिला असावा. त्याचा उजवा हात वर होता. पुढचे सगळे गेल्यावर, दोन गाड्यांच्या मधल्या त्या पोकळ वेळेतही त्याने तो खाली घेतला नव्हता.

मला थांबायचे होते. त्याच्याजवळ उभे राहून ती येईपर्यंत त्याचा दंड धरून ठेवायचा होता. पण मी थांबलो असतो, तर तिला दिसले असते की तो माझ्या धाकाने उभा आहे. मग तो असून नसल्यासारखाच झाला असता. मी हात वर केला. आमची दृष्टादृष्ट झाली. त्याच्या डोळ्यांत मी जे पाहिले, त्याला भय म्हणता येईल, पण ते पळणाऱ्याचे नव्हते. मी उजवीकडे वळलो आणि माझ्या मुलाच्या बायकोला त्या माणसाच्या भरवशावर मागे सोडून उतरणीला लागलो.

एवढा लांब रस्ता मी आयुष्यात कापलेला नाही.

तळसुऱ्यात वडाखाली एक मावशी चहाची टपरी चालवीत. मंडळी तिथे उभी होती, पण चहा कोणी घेत नव्हते. बने एका टायरची हवा पुन्हापुन्हा दाबून पाहत होता. मी गाडीवरून उतरलोच नाही.

वरून एक गाडी आली. सगळे वळले. दूधवाला होता. किटल्या उतरवीत तो मावशींना म्हणाला, “त्या फोटोवाल्याचं डोस्कं फिरलं काय गो? फाट्यावर हुबा हाय. मी आपला सवयीनं हात केला, तर वरडला माझ्यावर. ‘तू न्हवं! तू जा!’ म्हनं. मी काय केलं त्याचं?”

बनेने टायर सोडला आणि तो तिथेच मातीत बसला.

“तुझ्या मागून आणखी कोणी येत होते का?” मी विचारले.

“धुक्यात काय दिसतंय, सर.”

त्यानंतर बराच वेळ काहीच आले नाही. मग उतरणीवर आवाज झाला. एकाच गाडीचा आहे असे आधी वाटले. मग त्यातून दुसरा वेगळा झाला. पुढे शिगवण आला. त्याच्या मागे, थोडे अंतर ठेवून, ऋजुता.

तिने गाडी लावली, हातमोजे काढले, आणि वडाच्या पारावर माझ्या शेजारी येऊन बसली. तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकला होता. मावशींनी न मागता सर्वांसाठी चहा ओतला.

शिगवण दूर उभा होता. कोणीतरी त्याच्याही हातात पेला दिला. सकाळपासून वर धरलेला तो हात आता त्याच्या स्वाधीन नव्हता. बोटे वळेनात, पेला कलंडू लागला, चहा मनगटावरून सांडला. त्याने डावा हात लावून पाहिला, तोही कापत होता. सगळे दुसरीकडे पाहू लागले.

ऋजुताने पाहिले. मग तिने मान फिरविली आणि टपरीकडे तोंड करून म्हणाली,

“मावशी, त्यांना बशी द्या.”